सिंगापूरची नोकरी आणि फरहीनचा ब्युरो

मी सिंगापूरला निघाले त्या सकाळी आईने केर काढला नाही. माणूस घराबाहेर पडला की लगेच झाडू लावू नये, असं ती मानते. एरवी तिच्या घरात चहाच्या आधी लादी लख्ख झालेली असते. बाबा मला सोडायला टॅक्सीतून विमानतळापर्यंत आले. दहिसर चेकनाक्याला गाडी अडकली तेव्हा ते पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाले, "भैया, टाइम पे पहुंचेंगे ना?" आणि मग माझ्याकडे वळून, "सांगितलं होतं, अजून लवकर निघायला हवं होतं." निरोपाचं बोलणं एवढंच झालं. आत गेल्यावर मी काचेतून हात केला, तर ते दुसऱ्याच कुठल्यातरी मुलीकडे बघून हात हलवत होते. मग त्यांनी घरी फोन केला, आणि तेव्हा कुठे आईने झाडू हातात घेतला. हे तिनेच मला नंतर सांगितलं, तिने केर अडवून धरला म्हणून विमान उडालं अशा थाटात.

आमच्या मीरा रोडच्या कॉम्प्लेक्समधून त्या काळात बरेच जण गेलो. कोणी जर्सीला, कोणी टोरांटोला, कोणी नुसतंच पुण्याला. हे तुमच्यासाठी लिहितेय. आणि जे गेले नाहीत, गेलेल्यांच्या आईवडिलांना बँकेत नेत राहिले, त्यांचे मोबाइल दुरुस्त करून देत राहिले, त्यांच्यासाठीही.

खरं तर मीरा रोडला आम्हीच कुठूनतरी आलेलो होतो. मी दुसरीत असताना बाबांनी डिलाईल रोडची भाड्याची खोली सोडून इथे वन रूम किचन घेतलं. बाबा विमा कंपनीत होते, फोर्टात ऑफिस. काका म्हणाले, "एवढ्या लांब जाऊन काय मीठ पिकवणार?" तेव्हा बिल्डिंगच्या मागे मिठागरंच होती आणि पाण्याचा टँकर आला की बायका बादल्या घेऊन धावायच्या. आई रडकुंडीला यायची. बाबा म्हणायचे, "पाणी येईल. माणसं आली की पाणी येतंच." माणसं आली. गुजराती आली, मारवाडी आली, यूपीची आली, स्टेशनजवळ नया नगर दाटीवाटीने उभं राहिलं. मग खरंच पाणीही आलं, दिवसाआड का होईना. पुढे बाबांनी शेजारचा फ्लॅट जोडून घेतला आणि मला माझी खोली मिळाली. ज्या माणसाने एवढी मोठी उडी मारली होती तोच माणूस मला जन्मभर सांगत आला, "नोकरी अशी बघ की एका जागी बूड टेकवता येईल."

तशी पक्क्या पगाराची नोकरी मी बघितली. मोठ्या कन्सल्टिंग कंपनीत लागले आणि तिने मला सिंगापूरला पाठवलं. कन्सल्टिंग म्हणजे काय हे बाबांना मी पुष्कळदा समजावलं. ते म्हणायचे, "म्हणजे तुम्ही सल्ला देता. बरं. पण ऐकतात का?" मी म्हणायचे, ऐकतात म्हणून तर पैसे देतात. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. आम्ही बँकेत जायचो, दोन-तीन महिने माणसांशी बोलायचो, स्लाइड्सचा भलामोठा डेक बनवायचो, तो क्लायंटच्या वरच्या मजल्यावर दाखवायचो आणि पुढच्या शहराला निघायचो. जकार्ता, मनिला, बँकॉक. मागे काय झालं ते कळायला मार्ग नसायचा. वाईट काही नव्हतं त्यात. माझा फ्लॅट स्वच्छ होता, खाली खाण्याच्या गाळ्यांचं हॉकर सेंटर होतं, एमआरटीची ट्रेन वेळेवर यायची. मी कुणाला नकोशी नव्हते आणि कुणाचं माझ्यावाचून अडत नव्हतं. अशा आयुष्याची सवय फार चटकन होते.

फरहीनचा फोन आला तो माझ्या बढतीची कुजबुज सुरू होती त्या दिवसांत. फरहीन माझी शाळेतली मैत्रीण. नया नगरला राहायची, आमच्याकडे आली की आईच्या हातची आंबोळी मागून खायची. ती फिजिओथेरपिस्ट झाली, काही वर्षं हॉस्पिटलात राबली, मग लोकांच्या घरी जाऊन व्यायाम घेऊ लागली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की मीरा-भाईंदरमध्ये घरटी एक म्हातारं जोडपं आहे आणि मुलं बाहेर आहेत. तिने कंपनी काढली. फिजिओ, नर्स, दिवसभर सोबत राहणाऱ्या मावश्या, सगळं घरपोच. ॲप होतं, लोगो होता, एक गुंतवणूकदारही मिळाला होता.

"स्नेहल, तू आ जा," ती म्हणाली. "पेशंट मी बघते. पण ही माणसं, ड्यूट्या, येणं-जाणं, माझ्याने नाही होत. ते तू कर. पार्टनर हो."

"विचार करते," मी म्हटलं. आमच्या धंद्यात याचा अर्थ 'नाही' असा होतो. फरहीनच्या धंद्यात तो 'विचार करते' असाच होतो, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी सुट्टीवर घरी गेले. जकार्ताचं काम लवकर संपलं म्हणून सांगितलेल्या दिवसाच्या आधीच पोचले. न सांगता जाऊन आईला चकित करायचं होतं. बेल वाजवली तर दार एका अनोळखी बाईने उघडलं. पन्नाशीची, काळीसावळी, गळ्यात क्रूस.

"कोन पायजे?" तिने विचारलं.

तिच्या खांद्यावरून मला बाबा दिसले. पॅसेजमध्ये वॉकरला धरून उभे होते. अंगावर बनियन आणि पायजमा, आणि ते इतके बारीक झालेले की क्षणभर मला वाटलं, मजला चुकला.

बाबा बिल्डिंगच्या लॉबीत ओल्या लादीवरून घसरले होते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि या सगळ्याला बरेच दिवस होऊन गेले होते. व्हिडिओ कॉलच्या वेळी आई त्यांना इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसवायची. फोन कपाटावर टेकवून ठेवायची, म्हणजे कमरेच्या खालचं दिसणार नाही. मी दर रविवारी त्या शर्टाशी बोलत होते.

"तू काय करणार होतीस तिथून?" आई म्हणाली. "उगाच जीव टांगणीला." मग स्वयंपाकघरात जाऊन तिने भात टाकला. तिच्या लेखी विषय संपला.

ती बाई ब्रिजेटमावशी. उत्तनच्या बाजूला तारोडीला राहायची आणि रोज सकाळी बसने यायची. माझ्यादेखत तिने बाबांना दारापासून गॅलरीपर्यंत चालवलं. "घाई न्हाय करायची, बाबा. पोरगी आली म्हनून पलायचं न्हाय." बाबा हसले. मला दिसू नये म्हणून जे काही त्यांनी लपवलं होतं ते सगळं तिला माहीत होतं, आणि तिच्यासमोर त्यांना अजिबात लाज वाटत नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं. मी बॅग उघडत राहिले.

मग आईच्या तोंडून निसटलं, की मावशी फरहीनच्या ब्युरोतून येते.

मी तशीच रिक्षा करून नया नगरला गेले. फरहीनचं ऑफिस एका बेकरीच्या वर, अरुंद जिन्याने जायचं. ती हेडफोन लावून कुणालातरी पत्ता समजावत होती. ती फोन ठेवेपर्यंतही मी थांबले नाही.

"तुला माहीत होतं. बाबा पडलेत हे माहीत असताना तू मला फोन करून नोकरी देत होतीस?"

"ऑफर अलग, अंकल अलग," ती म्हणाली. "अंकलनी शपथ घातली होती. पेशंटची गोष्ट मी बाहेर नाही बोलत. त्याच्या मुलीला पण नाही."

"मी मैत्रीण आहे तुझी."

"आणि ते माझे पेशंट आहेत." तिने खुर्ची पुढे सरकवली. "बैस. आणि आंटीला सांग, ब्युरो नको बोलू. स्टार्टअप आहे ते."

मला हसायचं नव्हतं. हसू आलं, आणि त्याचाच राग आला.

त्या सुट्टीत मी फरहीनसोबत तिचं काम बघायला गेले. ठरवून नव्हे. घरी बसलं की बाबा माझ्यासमोर नीट चालण्याचं नाटक करायचे आणि दमायचे. म्हणून मी सकाळी बाहेर पडायचे. मेट्रोच्या खांबांखालून रिक्षाने भाईंदर, तिथून गोडदेवच्या गल्ल्या. तिथे लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगी आहेत आणि वरच्या मजल्यावर अशी माणसं, जी महिनोन्महिने खाली उतरलेली नाहीत. एका दुपारी भाईंदर वेस्टच्या एका गुजराती आजींकडची मावशी आलीच नाही. आजींचा मुलगा जर्सीहून फोनवर फोन करत होता. पाठवायला दुसरं कोणी नव्हतं. फरहीनने माझ्याकडे बघितलं.

मी गेले आणि संध्याकाळपर्यंत बसले. आजींना बाथरूमपर्यंत नेलं, खाखरा मोडून चहात भिजवून दिला, त्यांची मालिका बघितली. "तू नवी छे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हां, नई हूँ. मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. मध्ये कंटाळाही आला. पण मावशी का आली नाही, हे डोक्यातून जाईना. चौकशी केली तर ती उत्तनची निघाली, आणि तिला काम लागलं होतं भाईंदरला, मग मीरा रोडला, मग पुन्हा भाईंदरला. अर्धा दिवस बसची वाट बघण्यात जायचा. फरहीन ज्याची मागणी आधी येईल त्याला आधी माणूस द्यायची, एवढंच. मी दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागद चिकटवून सगळ्या ड्यूट्या भागाप्रमाणे लावल्या. उत्तनकडच्या बायका एकाच बसच्या रस्त्यावर, गोडदेवच्या गोडदेवमध्येच. दोन मावश्यांनी तोंड वाकडं केलं, कारण त्यांची जुनी घरं सुटली. बाकीच्या वेळेवर येऊ लागल्या. तोच आठवडा, त्याच बायका. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. नोकरीत असं काही मी एकदाही बघितलं नव्हतं.

मी घरी विषय काढला. आई लगेच म्हणाली, "सिंगापूर सोडून ब्युरोत? लोकांना काय सांगू?" वॉकर बाजूला ठेवून, भिंतीला धरून बाबा माझ्या पलंगापर्यंत आले आणि बसले. माझ्या खोलीत आता त्यांची व्यायामाची दोरी, वजनं, गरम पाण्याची पिशवी असं सगळं होतं.

"पी.एफ. आहे का तिथे?"

"नाही. सुरू करू पुढे."

"मेडिकल?"

"मालकीणच फिजिओ आहे, बाबा."

ते हसले नाहीत. "एक सांगतो. माझ्यासाठी यायचं असेल तर येऊ नकोस. मी अजून किती दिवस आहे... नाही, मला कारण करू नकोस. उद्या धंदा बुडाला तर तू माझ्या पायाकडे बघणार. मी ते नाही सहन करणार. काम आवडलं असेल तर ये."

"तुमच्यासाठी नाही," मी म्हटलं.

हे अर्धंच खरं होतं. कुठलं अर्धं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

सिंगापूरला परतल्यावर बढतीचं पत्र तयार होतं. तिथे कामाच्या परवान्यावर राहणाऱ्या माझ्यासारख्यांना नोकरी सोडली की थोड्याच दिवसांत देशही सोडावा लागतो, त्यामुळे मधे कुठे पाय ठेवायला जागा नव्हती. बॉसने समजुतीच्या सुरात विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का?" हो म्हणणं सोपं होतं. त्याने रजा दिली असती, जागा राखून ठेवली असती. मी नाही म्हटलं. बाबांना जे सांगितलं तेच त्यालाही सांगितलं, आणि राजीनामा दिला. त्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये नेहमीच्या जागी जेवले. नेहमीचीच चव लागली. मोठे निर्णय घेतल्यावर काहीतरी वाटतं असं ऐकून होते. मला भूक लागली होती.

मी मीरा रोडला राहायला आले आणि पाहुणी नसल्याचं मला पहिल्या आठवड्यातच कळलं. सुट्टीत येणाऱ्या मुलीला आई सांदण करून घालायची. राहायला आलेल्या मुलीला म्हणाली, "तुझं ताट तू घासत जा, बाई रजेवर आहे." आईबाबांचं जेवण साताला व्हायचं, माझं काम तेव्हा रंगात यायचं. फोन सतत वाजायचे. बाबांचा व्यायाम झाल्याशिवाय मला माझी खोली मिळायची नाही. कुणी कुणाला काही बोललं नाही. सगळे जपून वागत होते, लांबच्या नातेवाइकांसारखे.

बाबा वॉकर सोडून काठीवर आले आणि मग एका रविवारी पोहे खाताना आईने सांगितलं, की ती दोघं कोकणात देवरुखला राहायला चालली आहेत. बाबांच्या धाकट्या भावाने तिथे घर बांधलं होतं, खालच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. शेजारी डॉक्टर होता, हाकेच्या अंतरावर आईची बहीण होती. सगळं ठरलेलं होतं. कधीपासून, ते मी विचारलं.

"झाली दोन-तीन वर्षं," आई म्हणाली. "पण तू तिकडे होतीस. सुट्टीला आलीस तर कुठे उतरणार? तुझ्यासाठी हे घर उघडं ठेवायला हवं होतं. आता तूच आहेस इथे."

"मी इथे आले आणि तुम्ही चाललात?"

"तू आमच्यासाठी कुठे आलीस?" आईने शांतपणे विचारलं. "तूच म्हणालीस ना यांना."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. बाबा बशीतला लिंबाचा तुकडा पिळत राहिले, पिळून कोरडा झाला तरी. मी म्हणू शकले असते, की नाही, मी खोटं बोलले, तुमच्यासाठीच आले, जाऊ नका. ते थांबलेही असते. मग देवरुखच्या खोल्या रिकाम्या राहिल्या असत्या आणि आम्ही तिघं एकमेकांना जपत बसलो असतो. मी विचारलं, सामान कधी न्यायचं.

गाडी मीच ठरवली. ब्रिजेटमावशी भेटायला आली, बाबांना म्हणाली, "जिना दिसला की काठी पैली. इसरायचं न्हाय." फरहीनने व्यायाम छापून दिले आणि आईच्या गळ्यात पडून रडली. आई तिला म्हणाली, "तुझ्या स्टार्टअपला यश येवो." मला आईने एवढंच सांगितलं, की गॅलरीतल्या कढीपत्त्याला रोज पाणी नको.

आता ते देवरुखला असतात. बाबा सकाळी एकटे पोस्टापर्यंत चालत जाऊन येतात, असं काकी सांगते. आमची कंपनी चालू आहे. फार मोठी झाली नाही, बुडालीही नाही. गुंतवणूकदार कंटाळून बाहेर पडला तेव्हा काही महिने फार ओढाताणीचे गेले. फरहीन आणि मी एकमेकींशी फक्त कामापुरतं बोलत होतो. ॲप बंद केलं, कारण म्हातारी माणसं फोनच करतात. तुमच्यातले काही जण मला जर्सीहून, टोरांटोहून फोन करता. आधी मावशीची वेळ विचारता, मग थोडं थांबून, "आई कशी दिसली तुला?" असं. मी बघितलेलं असतं तेवढंच सांगते. तुम्ही परत यावं का, हे कोणी विचारलं तर मी उत्तर देत नाही. सल्ला देण्याचा धंदा मी सोडला.

मला वाटायचं, घर म्हणजे आईबाबा असतात ती जागा, आणि मी तिथून दूर आहे किंवा जवळ आहे. बाकीचं सगळं मुक्काम. आता मी त्याच फ्लॅटमध्ये एकटी राहते. माझी खोली सोडून हॉलमध्ये झोपते, कारण तिथे वारा येतो. खालच्या मजल्यावरचे मिश्राजी मला सोसायटीच्या मीटिंगला बोलावतात. पाणी आलं नाही की बायका माझं दार वाजवतात. रात्री उशीर झाला तर कुणी वाट बघत नसतं. कधीकधी त्याचं वाईट वाटतं, बहुतेक दिवशी लक्षातही येत नाही.

मागच्या रविवारी सकाळी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती घुटमळली. मला वाटलं, बाबा पुन्हा पडले. मी ताठ उठून बसले.

"काय झालं? खरं सांग."

"काही नाही गं. दिवाळीला चार दिवस तिकडे येऊ का, म्हणत होतो."

मी काही बोलणार, तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. दबका, तिलाच ऐकू जावा असा.

"आधी विचार तरी, तिला जमणार आहे का."